टेकू ओढत नाही

पहिल्या भेटीत त्यांनी मला भिंत ढकलायला लावली.

अबुधाबीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रसिद्धी विभागात मी नुकतीच रुजू झाले होते. त्याआधी मुंबईत वर्तमानपत्राच्या न्यूज डेस्कवर होते. कॉलेजच्या वेबसाइटसाठी प्रत्येक प्राध्यापकाची ओळख चार-पाच ओळींत लिहायची, हे माझं पहिलं काम. बहुतेकांनी आपापली माहिती ईमेलने पाठवली. काहींनी मागितल्याच्या तिप्पट पाठवली. मेकॅनिक्सच्या फ्रेंच प्राध्यापकांकडून काहीच आलं नाही, म्हणून मी त्यांच्या लॅबमध्ये गेले.

"ओळख हवी? देतो. आधी ती भिंत ढकला," ते म्हणाले.

मी भिंतीला हात लावला.

"असं नाही. मनापासून. नवऱ्यावर चिडल्यासारखं."

मी जोर लावला.

"आता कोण कोणाला ढकलतंय?"

"मी भिंतीला."

"आणि भिंत काय करतेय? सुट्टीवर आहे?"

मी तशीच उभी राहिले. तळहाताला भिंतीचा जोर जाणवायला लागला होता. "भिंत मला ढकलतेय," मी म्हणाले.

"झालं. अर्धं पहिलं वर्ष पास," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. स्वतः बसले नाहीत. मग उभ्याउभ्याच ओळख सांगितली: "जन्म फ्रान्समध्ये. बंदरं बांधली. एकदा चुकलो. तेव्हापासून शिकवतो."

पदव्यांचं विचारलं तर म्हणाले, त्या बाकीच्यांनी लिहिल्या असतीलच, वाचणाऱ्याला कंटाळा येईल. पदव्या मला शेवटी एचआरकडून मिळाल्या. भरपूर होत्या. स्थापत्य इंजिनिअरिंग, मेकॅनिक्समध्ये डॉक्टरेट, तीन देशांत अध्यापन, फ्रेंचमधली दोन पाठ्यपुस्तकं. ते सगळं लिहून मी मजकूर त्यांच्याकडे मंजुरीसाठी पाठवला. तो परत आला तेव्हा पाठ्यपुस्तकांची ओळ खोडलेली होती आणि "एकदा चुकलो" हे वाक्य हाताने पुन्हा घातलेलं होतं. वेबसाइटवर ते अजून आहे.

कॉलेजमध्ये त्यांना सगळे मुस्यू म्हणत, म्हणजे फ्रेंचमधलं 'मिस्टर'. हे नाव पाडण्याचा मान वसईच्या आग्नेलचा. आग्नेल लॅबचा सुपरवायझर. मराठी ऐकू आली की तो हातातलं काम टाकून गप्पांना येई. "सर म्हटलं की सात जण वळून बघतात मॅडम, मुस्यू म्हटलं की एकच," हे त्याचं कारण. मुस्यू उंच होते, थोडे वाकलेले, वय सत्तरीच्या आसपास. एसी कितीही थंड असला तरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चाकांच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत. "तिला कोण धरून आहे ते तिलाच माहीत नसतं," असं म्हणत. त्यांच्या इंग्रजीत 'ह' नव्हता. 'हुक'ला 'ऊक' म्हणत आणि मित्राला हाक मारायच्या 'हबीबी'ला 'अबीबी'. चाळीस वर्षं अरब देशांत काढूनही हे सुधारलं नव्हतं, आणि सुधारावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

सवयी आणखी होत्या. दार उघडण्यापूर्वी ते बिजागरीकडे बघत. लिफ्ट सुरू होताना डोळे मिटत आणि पोटात काय झालं ते सोबतच्यांना सांगायला लावत. कॅन्टीनमध्ये कपावर कप रचलेले दिसले की सर्वांत खालच्या कपाची चौकशी करत: "ह्या बिचाऱ्यावर किती जण बसलेत?" बदली होऊन आलेल्या एका अकाउंटंटने त्यांना पहिल्या आठवड्यात वेडा ठरवलं होतं. वर्षभरात तोच अकाउंटंट लिफ्टमध्ये डोळे मिटायला लागला.

गुरुवार त्यांच्या प्रॅक्टिकलचा. त्या दिवशी लॅबमध्ये एक लाकडी फळी दोन्ही टोकांना उंचावून ठेवत आणि मोडेपर्यंत तिच्यावर वजन टांगत. त्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने खडूने फळीवर खूण करायची आणि खाली आपलं नाव लिहायचं: मोडली तर इथे मोडेल. नाव न लिहिता नुसती खूण चालत नसे. "चूक करायची तर पत्त्यासकट करा," असं ते सांगत. ज्याची खूण मोडल्या जागेच्या सर्वांत जवळ, त्याला फळीचा मोठा तुकडा बक्षीस. आग्नेल गुरुवारला मोडणवार म्हणायचा. मोडणवारी आमच्या मजल्यापर्यंत आवाज यायचा, आणि त्यानंतर टाळ्या.

ते आमच्या घरी आले ते गणपतीत. मुलीने आणि नवऱ्याने मिळून पुठ्ठ्याचं मखर केलं होतं. दुसऱ्या दिवशीच ते डावीकडे झुकायला लागलं. नवरा बँकेत आहे. त्याने बँकेतल्या माणसाच्या पद्धतीने, म्हणजे चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावून, ते सावरायचा प्रयत्न केला. मुस्यूंनी हात जोडून नमस्कार केला, प्रसाद घेतला, आणि मखराकडे बघत राहिले.

"एक काठी मिळेल?"

काठी नव्हती. मी लाटणं दिलं. त्यांनी ते झुकलेल्या बाजूला तिरकं लावलं, खालचं टोक पाटाला अडवलं आणि हात काढला. मखर उभं राहिलं.

"वा, टेकू दिला की," नवरा म्हणाला.

"काय म्हणाले हे?" मुस्यूंनी मला विचारलं.

हा प्रश्न ते सहज विचारत नव्हते, हे मला माहीत होतं. इंग्रजीतल्या 'सपोर्ट' या शब्दावर त्यांचा राग होता. खालून नुसतं तोलून धरणारा तोही सपोर्ट, आणि दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा तोही सपोर्ट. फ्रेंचमध्ये दोन्हींना वेगळे शब्द आहेत, पण फ्रेंच शब्द वापरला की वर्ग परका होतो, म्हणून ते वर्षानुवर्षं दुसरा शब्द शोधत होते. टॅक्सीवाल्यांना विचारत, कॅन्टीनमधल्या केरळी कुकला विचारत. हिंदीतला सहारा त्यांनी नाकारला होता, कारण सहारा देणारा हातही धरतो. अरबी 'सनद', म्हणजे पाठीराखा, तोही नाकारला, त्याच कारणासाठी.

मी आधी 'आधार' म्हणून पाहिलं.

"हा आधार, तो धरून ठेवतो?"

"ठेवतो."

"मग नको. ह्यांनी म्हटला तो?"

मी टेकू समजावून सांगितला. पपईच्या झाडाला देतात तो. कलत्या भिंतीला देतात तो. टेकू खालून ढकलतो, एवढंच. वस्तू त्याच्यावरून उचलली गेली तर तो तिला धरून ठेवत नाही. तो जागेवरच राहतो, किंवा पडतो. मग डेस्कवरची सवय म्हणून मी हेही सांगितलं की आमच्याकडे सरकारंसुद्धा टेकूवर असतात. चार अपक्षांच्या टेकूवर सरकार, अशी हेडलाइन मी स्वतः कितीदा लावली आहे.

"आणि ते चार जण सरकारला धरून ठेवत नाहीत?"

"अजिबात नाही."

"मग शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. दोनदा उच्चारून पाहिला. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, ही इज वियर्ड. बट नाइस वियर्ड." लाटणं विसर्जनापर्यंत तिथेच राहिलं. पोळ्या आम्ही बाहेरून आणल्या.

पुढच्या वर्गात त्यांनी शब्द वापरला. फ्रेंच जिभेवर टेकूचा 'तेक्यू' झाला होता. फळीखाली बोट दाखवून त्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गाला विचारलं, "इथला तेक्यू कुठे आहे?" कोणी बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा जोरात. तेव्हा पहिल्या बाकावरची मरियम, पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानहून आलेली मुलगी, उभी राहिली आणि नम्रपणे म्हणाली, "थँक यू, सर."

मागून आणखी तीन-चार आवाज आले, "थँक यू, सर." सरांना आभार हवे आहेत, असा सगळ्यांचा समज झाला होता. आग्नेल हसत हसत माझ्या टेबलाशी हे सांगायला आला. "मॅडम, तुम्ही त्यांना अजून एक शब्द दिलात ना, तर मी रिझाइन करेन."

पण शब्द टिकला. महिन्याभरात केरळची, सीरियाची, शारजाची मुलं फळीखालच्या ठोकळ्याला टेकू म्हणू लागली आणि भिंतीत गाडलेल्या दांड्याला म्हणायची नाहीत. मुस्यूंना हवा होता तो फरक एवढाच. मरियमने एकदा मला कॉरिडॉरमध्ये थांबवून विचारलं, "मॅडम, टेकू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी?" अरबीत हे महत्त्वाचं असतं. मी पुल्लिंगी म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "वाटलंच. ढकलण्यापलीकडे काही येत नाही त्याला."

ते "एकदा चुकलो" काय होतं, हे मला खोर फक्कानला कळलं. महिन्यातून एखाद्या शनिवारी ते आपली जुनी गाडी घेऊन तिकडे जात. एकदा आम्ही तिघं त्यांच्याबरोबर गेलो. डोंगरातला रस्ता संपला, समुद्र आला, आणि उजवीकडे कंटेनरच्या क्रेन दिसायला लागल्या. किनाऱ्यावरच्या फरसबंदीवर उभं राहून त्यांनी बंदराकडे हात केला. तरुणपणी त्या बाजूच्या कामावर ते होते.

"आमच्याकडे बंदराच्या त्या बांधकामाला धक्का म्हणतात," नवरा म्हणाला. "आणि ढकलणं, तेही धक्काच."

"एकच शब्द?"

"एकच."

त्यांनी पुन्हा बंदराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमच्या भाषेत मी आधीच जन्मायला हवं होतं." आणि गोष्ट सांगितली.

पाण्यावर तात्पुरता लाकडी माचा करायचा होता. हिशेब त्यांनी केला. एका बाजूला वजन येणार, तर दुसऱ्या टोकाच्या आधाराचं उत्तर उणे आलं. उणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आकडा लहान होता, त्यांनी पुढचं पान घेतलं. उणे म्हणजे त्या टोकाला माचा वर उचलला जाऊ पाहतोय आणि त्याला कोणीतरी खाली ओढून धरायला हवं. तिथे ओढणारं कोणी नव्हतं. नुसते ठोकळे होते. वजन चढवलं तसं ते टोक शांतपणे वर आलं. त्या टोकावर त्यांचं टेबल होतं. टेबल, नकाशे, चहाचा थर्मास आणि त्यांचं घड्याळ घसरत समुद्रात गेलं. माणसं दुसऱ्या बाजूला होती, कोणाला काही झालं नाही. कामगार पठाण, मलबारी, बलुची. सगळे बघत होते. मुकादमाने विचारलं, साहेब, हे कसं झालं? आणि त्यांना त्याच्या भाषेत सांगता येईना. फ्रेंचमध्येही सांगता येईना.

"त्या दिवशी मी इंजिनिअर होतो. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी झालो," ते म्हणाले. "तुमची पोरगी आइस्क्रीम मागतेय."

मुलगी म्हणाली, "आय डिडंट से एनीथिंग," पण आइस्क्रीम घेतलं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजला नवे डीन आले. मूळचे कैरोचे, शिक्षण अमेरिकेत. माणूस वाईट नव्हता. तास कमी, विषय जास्त, हा त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. त्यांनी ठरवलं की पहिल्या वर्षाचं हाताने करायचं मेकॅनिक्स बंद करावं. तो सगळा भाग सॉफ्टवेअरवर शिकवावा. लॅबचा हॉल संगणकांना द्यावा. मुस्यूंचं कॉन्ट्रॅक्ट वयामुळे दर वर्षी नव्याने होत असे. ते आता होणार नव्हतं. कॉलेजला मान्यता देणारी बाहेरची समिती त्याच सत्रात येणार होती. तिने होकार दिला की निर्णय पक्का.

कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो. गल्फमध्ये राहणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. मुस्यूंची पत्नी वारली होती, फ्रान्समधलं घर विकलेलं होतं. त्यांचं उरलेलं सगळं त्या हॉलमध्ये होतं, आणि त्यांच्या मते तेही त्यांचं नव्हतं, पहिल्या वर्षाचं होतं.

डीनशी त्यांचं बोलणं लॅबमध्येच झालं. मी नव्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायला तिथे गेले होते.

"मुस्यू, हबीबी, मी समितीला काय दाखवू? भुसा?" डीन म्हणाले.

"दोन्ही दाखवा. तुमचा संगणकाचा पडदा आणि माझी फळी. प्रश्न एकच."

"आणि पडदा बरोबर आला तर?"

"तर खलास. मी चाव्या आग्नेलकडे देतो."

डीनना पडद्याची खात्री होती. शिवाय ते न्यायाने वागणारे होते. त्यांनी मान्य केलं.

मुस्यूंनी वर्गाची कसलीही तयारी करून घेतली नाही. मरियम चिडली. "सर, निदान फळी कशी ठेवणार ते तरी सांगा."

"नाही. सॉफ्टवेअरवाल्यांकडे ती जशी पाहुणी, तशी तुमच्याकडे."

"तुमची नोकरी जाईल."

"माझी जाईल ना. तुम्ही झोप नीट घ्या."

आग्नेल मला म्हणाला, "मॅडम, ह्या माणसाला मदत करायची म्हणजे डोकं फिरतं. पोरं रडायला आलीत आणि हा शिट्टी वाजवत फळी पुसतोय."

समिती आली त्या सकाळी हॉल भरला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुलं खिडक्यांशी उभी होती. मी कॅमेरा घेऊन होते. मधोमध लांब फळी, खाली तीन लाकडी ठोकळे: एक डाव्या टोकाला, एक मध्ये, एक उजव्या टोकाला. वजन मधल्या आणि उजव्या ठोकळ्याच्या दरम्यान टांगायचं होतं. डावी बाजू मोकळीच राहणार होती.

सॉफ्टवेअर दाखवायला हैदराबादचा एक तरुण इंजिनिअर आला होता. शांत, नेमकं बोलणारा. त्याने पडद्यावर निळी फळी काढली, तिच्याखाली तीन त्रिकोण ठेवले, लाकडाची माहिती भरली. उत्तर लगेच आलं. वजन जिथे टांगायचं तिथेच फळी मोडेल, आणि विसाव्या वजनाला मोडेल. मुस्यूंनी त्यालाही खडू दिला. तो जरा संकोचला, मग खूण करून त्याने आपलं नाव लिहिलं.

मुलं फळीभोवती जमली, त्यांनीही खुणा करून नावं लिहिली. अरबी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळ कुजबुज झाली. एक जण डाव्या टोकाशी ओणवा होऊन बघत होता. मरियमने मात्र फळीकडे पाठ केली होती. ती पडद्याकडे बघत होती. मग वळून म्हणाली, "यल्ला, चला, एक कागद द्या."

तिने कागदाची पट्टी फाडली आणि डाव्या ठोकळ्यावर, फळीच्या खाली सरकवली. फळीच्या वजनाने ती घट्ट अडकली. तिने ओढून दाखवली, निघेना. मग मुलांच्या वतीने तिने सांगितलं: फळी सोळाव्या वजनाला मोडेल.

"हा कागद कशासाठी?" समितीच्या प्रमुखांनी विचारलं. करड्या केसांच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या.

"टेकू काम करतोय की नाही, ते तो सांगेल."

आग्नेलने वजनं टांगायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. फळी उजवीकडे किंचित वाकली. पाचव्या वजनानंतर मरियम डाव्या टोकाशी गेली, दोन बोटांनी कागद धरला आणि ओढला. तो सहज निघाला. फळी आणि ठोकळा यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. पडद्यावर डावा त्रिकोण निळ्या फळीला चिकटलेलाच होता.

मरियम पडद्यापाशी गेली आणि डाव्या त्रिकोणाजवळच्या आकड्यावर तिने बोट ठेवलं.

"हे उणे आहे," ती म्हणाली. "म्हणजे पडद्याच्या मते हा आधार फळीला खाली ओढतोय. पण इथे टेकू आहे. टेकू ढकलतो. टेकू ओढत नाही. मग फळीला खाली कोण ओढतंय?"

तरुण इंजिनिअरने पडदा पाहिला, मग कागद पाहिला. "कोणीच नाही," तो म्हणाला. "आधाराच्या प्रकारांत मी पहिला निवडला. तो दोन्हीकडून धरणारा आहे, म्हणून वजनाचा आकडा जास्त आला. नुसता ढकलणाराही त्या यादीत असतो. चूक माझी आहे, सॉफ्टवेअरची नाही. त्याने उणे दाखवलं होतं."

मी कॅमेरा मुस्यूंकडे वळवला. ते मागे भिंतीशी उभे होते. फळीकडे बघत नव्हते, पडद्याकडेही नाही. मरियमकडे बघत होते. खोर फक्कानला ज्या प्रश्नावरून त्यांनी पान उलटलं होतं, तो प्रश्न त्यांच्या वर्गातल्या मुलीने, कोणी न सांगता, भरल्या हॉलमध्ये विचारला होता. तो फोटो चांगला आला.

"पुढे चला," डीन म्हणाले.

सोळावं वजन फळीने पेललं. सतराव्याला ती मोडली. आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटला, आणि त्याच्यावर टाळ्यांचा आवाज चढला. खिडकीशी उभे असलेले शिट्ट्या वाजवू लागले. डीननी कोणाला थांबवलं नाही.

मुस्यू पुढे आले, खाली वाकून मोडलेली जागा तपासली आणि खुणांवर बोट फिरवलं. मग मोठा तुकडा उचलून त्या तरुण इंजिनिअरच्या हातात दिला.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "कधी मोडेल ते पोरांनी जवळचं सांगितलं. कुठे मोडेल ते तुम्ही सर्वांत जवळचं सांगितलंत. अभिनंदन."

त्याने तुकडा दोन्ही हातांनी घेतला. पुन्हा टाळ्या झाल्या, आणि त्या मुलांनीच आधी सुरू केल्या.

समितीच्या प्रमुख बाई लिहिता लिहिता थांबल्या. "तो शब्द. तेक्यू. फ्रेंच आहे?"

"नाही, मराठी," मुस्यू म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. सगळा हॉल वळला.

"स्पेलिंग?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "इंग्रजीत ह्याला शब्द नाही?"

"आहे," मुस्यू म्हणाले. "पण तो म्हणायला घेतला की संपेपर्यंत फळी मोडते."

बाई पहिल्यांदा हसल्या. माझ्या मागून आग्नेल हळूच म्हणाला, "मॅडम, आता आपली मराठी गल्फमध्ये ॲक्रेडिट झाली."

समितीचा अभिप्राय स्पष्ट होता. हाताने करायचं मेकॅनिक्स राहील, आणि फक्त स्थापत्यच्या नव्हे, सगळ्या शाखांच्या पहिल्या वर्षाला सक्तीचं होईल. सॉफ्टवेअर त्याच्या जोडीने शिकवावं. निर्णय सांगायला डीन स्वतः लॅबमध्ये आले. हातात मुस्यूंचं नवं कॉन्ट्रॅक्ट होतं. "हबीबी, मी प्रश्न चुकीचा विचारला होता," ते म्हणाले. मुस्यूंनी उभ्याउभ्याच सही केली आणि विचारलं, "ते सॉफ्टवेअर शिकवायला तो हैदराबादचा मुलगा येणार आहे ना? त्याच्या वर्गात माझं नाव घाला."

डीनना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. नव्या सत्रात मुस्यू सकाळी लॅबमध्ये शिकवत आणि दुपारी संगणकाच्या खोलीत पहिल्या रांगेत विद्यार्थी म्हणून बसत. प्रश्न इतके विचारत की तो तरुण इंजिनिअर आदल्या दिवशी दुप्पट तयारी करून येऊ लागला. त्या वर्गाला मदतनीस म्हणून दुसऱ्या वर्षातली मरियम नेमली होती. पेपर तीच तपासायची.

सत्राच्या शेवटी एका दुपारी मी कॅन्टीनमध्ये होते. मुस्यू आपला तपासलेला पेपर घेऊन टेबलाशी आले.

"मरियमने माझा अर्धा मार्क कापला."

"कशासाठी?"

"एका उत्तरापुढे एकक लिहिलं नाही. नुसता आकडा." त्यांनी तांबड्या शाईच्या खुणेवर बोट ठेवलं. "मी तिला म्हटलं, चाळीस वर्षं शिकवतोय, माझ्या मनात काय एकक होतं ते तुला कळायला हवं होतं. ती म्हणाली, सर, मनातल्या एककावर इमारत उभी राहत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बरोबर आहे तिचं."

"मार्क गमावलेत आणि कॉलर ताठ करून फिरताय," शेजारून आग्नेल म्हणाला.

त्याचं बोलणं ऐकायला मुस्यू थांबले नव्हते. तोपर्यंत ते पलीकडे डीनच्या टेबलाशी पोहोचले होते, पेपर त्यांच्या ताटाच्या बाजूला पसरला होता आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली होती: ही माझी विद्यार्थिनी, हे तिचं अक्षर, आणि हे बघा, तिने मलासुद्धा सोडलं नाही.